खूण न करणारा हात: डायलिसिस विभागात जेश्चरवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा सिस्टर धावत आल्या तेव्हा त्यांना कुणीच बोलावलं नव्हतं. चार नंबरच्या खुर्चीवरचे काका मान खाजवत होते. माझ्या प्रोग्रामने ते 'हात आडवा फिरवला' असं वाचलं आणि सिस्टरांच्या टेबलावरची घंटी वाजवली. दुसऱ्यांदा एक मावशी चादर गळ्यापर्यंत ओढून घेत होत्या. तिसऱ्यांदा कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडत होतं. चौथ्यांदा घंटी वाजली तेव्हा सिस्टर आल्या नाहीत, आणि नेमका तेव्हाच एका माणसाच्या पोटरीत गोळा आला होता. तो खरंच मदत मागत होता. शेजारच्या खुर्चीवरून हाक गेली म्हणून टेक्निशियन पोचला. काही बिघडलं नाही. पण मी लॅपटॉप मिटला आणि पुढचे तीन आठवडे त्या विभागाची पायरी चढले नाही.

किडनीच्या पेशंटसाठी हाताच्या खुणांवर चालणारा संगणक, या विषयात माझी पीएचडी झाली. आता दरवर्षी दोन-चार मुलं-मुली फोन करतात. विषय नवा वाटतो, आरोग्याशी जोडलेला आहे, कॅमेरा स्वस्त आहे, म्हणून घ्यावासा वाटतो. त्यांना फोनवर तुटक तुटक सांगते ते इथे सलग लिहिते आहे. फिस्टुला म्हणजे काय, मॉडेल ट्रेन करणं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरलं आहे. माहीत नसेल तर ते शिकायला पुष्कळ जागा आहेत. मला वेळेवर कुणी सांगितलं नाही तेवढंच मी लिहिणार आहे.

माझं पहिलं वर्ष प्रयोगशाळेत गेलं आणि ते वाया गेलं, हे मी आज सरळ म्हणते. आमच्याकडे एक डेप्थ कॅमेरा होता, म्हणजे चित्राबरोबर अंतरही मोजणारा. त्याच्यासमोर दोन मीटरवर आमच्याच वर्गातली बाविशीतली मुलं उभी राहायची, दोन्ही हात मोकळे, बाह्या वर केलेल्या. मी आठ खुणा ठरवल्या होत्या: हात डावीकडे, हात उजवीकडे, वर, खाली, मूठ, उघडा पंजा, गोल फिरवणं, दोन्ही हात जोडणं. मॉडेल फार छान चालायचं. विद्यापीठाच्या आरआरसीत, म्हणजे संशोधनाला मान्यता देणाऱ्या समितीत, मी ते करून दाखवलं तेव्हा समितीतले सगळे खूश झाले. 'आता फक्त हॉस्पिटलमध्ये जाऊन डेटा घ्या,' असं एक सर म्हणाले. त्या 'फक्त'मध्ये पुढची साडेचार वर्षं होती.

खुर्चीवर काय असतं ते सांगते. १९६६ साली ब्रेशिया आणि चिमिनो यांच्या गटाने मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडण्याची पद्धत मांडली. या जोडालाच फिस्टुला म्हणतात, आणि आजही बहुतेकांचं डायलिसिस त्यावरच चालतं. म्हणजे एका हातात दोन जाड सुया, वर चिकटपट्ट्या, आणि मिनिटाला साधारण ३०० मिलिलीटर रक्त बाहेर जाऊन परत येतं आहे. तो हात ४ तास हलवायचा नाही. नमस्काराची माझी खूण पहिल्या मिनिटालाच निकालात निघाली. दुसरा हात मोकळा म्हणावा तर त्यावर बीपीचा पट्टा. तो ठरावीक वेळाने आपोआप फुगतो आणि तेव्हा तो हातही स्थिर लागतो. एसी आणि बाहेरून फिरून येणारं रक्त यामुळे पेशंटला थंडी वाजते, म्हणून हात बहुधा चादरीखाली. कॅमेऱ्याला दिसतो तो चादरीचा उंचवटा.

आणि हातही बाविशीतले नसतात. किडनी निकामी होण्याच्या मोठ्या कारणांत मधुमेह आहे. कित्येक वर्षं मधुमेह असलेल्यांची बोटं आखडतात, दोन्ही तळवे एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. डॉक्टर तर हात जोडायला सांगून हे तपासतात. माझ्या मॉडेलने शिकलेला 'उघडा पंजा' सपाट होता. त्यांचा पंजा पूर्ण उघडूनही माझ्या हिशेबी अर्धाच उघडा राहायचा. बरीच वर्षं डायलिसिसवर असलेल्यांत मनगटाची नस दबून बोटं बधीर होतात. एक आजी माझ्या सांगण्यावरून पुन्हा पुन्हा पंजा ताणत होत्या आणि 'जमत नाही गं पोरी, माझंच चुकतंय' म्हणत होत्या. चूक माझी होती, आणि ती त्यांना स्वतःची वाटत होती. हे अजून बोचतं.

मोठ्या खुणांचा आणखी एक धोका. उजवा हात लांबवर फिरवला की धड वळतं, धड वळलं की फिस्टुल्याचा हात किंचित वाकतो, आणि मशीनचा प्रेशरचा अलार्म वाजतो. माझ्या दुसऱ्याच दिवशी हे झालं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, 'ताई, तुमच्या प्रयोगात माझी सुई हलली तर?' सुई हलली तर शिरेबाहेर रक्त पसरतं, हात सुजतो, कधी कधी तो फिस्टुला काही दिवस वापरता येत नाही. त्या माणसाचं पुढचं डायलिसिस दोन दिवसांवर आलेलं असतं. मोठ्या खुणा मी त्याच दिवशी सोडल्या. तुम्ही तर कागदावरसुद्धा ठरवू नका.

आता ज्या खड्ड्यात मी पडले त्याकडे येते. हे जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण मला भेटणारे दहातले नऊजण आजही त्याच खड्ड्याच्या काठावर असतात.

जेश्चरवरचं बहुतेक काम असं चालतं: माणसाला सांगायचं 'आता मूठ वळा', तेवढाच तुकडा रेकॉर्ड करायचा, त्याला 'मूठ' असं नाव द्यायचं. असे शेकडो तुकडे जमवायचे, थोडे शिकवायला, थोडे तपासायला. शंभर तुकड्यांतले नव्व्याण्णव बरोबर ओळखले की अचूकता ९९ टक्के. मीही हेच केलं. या पद्धतीत प्रत्येक तुकड्यात खूण असतेच. प्रश्न एवढाच की कोणती.

खुर्चीवर मात्र प्रश्न वेगळा असतो. तिथे हात ४ तास आहे आणि त्या ४ तासांत तो खूण करतो जेमतेम काही सेकंद. उरलेला वेळ तो खाजवतो, चादर सारखी करतो, घाम पुसतो, मोबाइल धरतो, पोहे खातो, पोटरी चोळतो, उशी सरकवतो, झोपेत दचकतो. खाज तर या आजाराचा भागच आहे. अनेकांना ती इतकी असते की रात्रीची झोप लागत नाही. म्हणजे खूण न करणारा हात हाच नेहमीचा हात. त्याचं एकही सेकंद माझ्या डेटात नव्हतं.

आता हिशेब करा. माझा प्रोग्राम दर सेकंदाला एक निर्णय घ्यायचा. ४ तासांचे सेकंद १४,४००. त्यातल्या १ टक्का निर्णयांत चूक झाली तरी एका पेशंटमागे एका सत्रात १४४ खोट्या हाका. दहा खुर्च्यांच्या विभागात एका पाळीत १,४४०. पेशंट खरोखर बोलावतो एखाद-दोनदा. म्हणजे १४६ वेळा घंटी वाजते आणि त्यातल्या दोन खऱ्या असतात. कोणती सिस्टर धावेल? एका सत्रात सरासरी एकच खोटी हाक हवी असेल तर अचूकता ९९.९९३ टक्के लागते. हा आकडा पहिल्यांदा कागदावर आला तेव्हा मी तो तीनदा तपासला. गुणाकार सातवीतला आहे. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी केला.

यात आणखी एक गाठ आहे. चुका सगळ्यांत सारख्या विभागलेल्या नसतात. ज्याला खाज जास्त त्याच्याकडे पंधरा मिनिटांत वीस खोट्या हाका, आणि जो झोपून राहतो त्याच्याकडे शून्य. सरासरी काढली तर चित्र बरं दिसतं आणि ज्याला सगळ्यांत जास्त त्रास आहे त्याच्याच खुर्चीवर यंत्र निकामी ठरतं. म्हणून निकाल माणसागणिक मांडा. आणि मॉडेल तपासताना एकाच माणसाचे तुकडे शिकवण्यात आणि तपासण्यात दोन्हीकडे टाकू नका. एक अख्खा माणूस बाजूला ठेवा, बाकीच्यांवर शिकवा, मग त्या माणसावर तपासा. तसं केलं की आकडा घसरतो. घसरलेला आकडाच खरा असतो, तोच लिहा.

एवढ्यावरही माझं भागलं नाही. पहिली मोजणी मी सत्राच्या पहिल्या तासात करायचे, कारण तेव्हा पेशंट बोलायच्या मनःस्थितीत असतात आणि मला दुपारची बस गाठायची असायची. शेवटच्या तासात काय होतं ते मी पाहिलंच नव्हतं. शरीरातलं पाणी काढलं गेलेलं असतं, बीपी खाली येतं, जांभया येतात, मळमळतं, पायात गोळे येतात. बीपी फारच उतरलं की सिस्टर खुर्ची मागे झुकवून पाय वर करतात. खुर्ची झुकली की कॅमेऱ्याचा कोन बदलला, आणि प्रोग्रामने हातावर धरलेले सगळे बिंदू चुकीच्या जागी. ज्या क्षणी माणसाला हाक मारायची खरी गरज असते त्याच क्षणी माझं यंत्र आंधळं व्हायचं. संगणकाच्या शाखेतून येणाऱ्या प्रत्येकाला माझी एकच अट असते: कोड लिहिण्याआधी किमान पाच पूर्ण सत्रं, सुई टोचण्यापासून सुई काढून पट्टी बांधेपर्यंत, तिथे बसा. हातात वही ठेवा, कॅमेरा नको. हात काय काय करतो ते दर मिनिटाला लिहा. कंटाळा येईल. माझ्या प्रबंधातलं जे प्रकरण आज लोक मागून घेतात ते त्या वहीतून आलं आहे.

घाबरवते आहे असं वाटलं असेल, तर मार्ग निघाला हेही सांगते. 'काहीच नाही' हा वेगळा वर्ग धरून मी नऊ पेशंटांची अख्खी सत्रं पुन्हा रेकॉर्ड केली, आणि यशाचं माप बदललं: ताशी किती खोट्या हाका आणि किती खऱ्या हाका निसटल्या. खुणा आठवरून दोनवर आणल्या. कोपर खुर्चीच्या हातावर टेकलेलाच ठेवायचा, मनगट उचलून सेकंदभर स्थिर धरायचं, मग मूठ. हात उंच धरून काम केलं की खांदा भरून येतो हे या क्षेत्रात फार जुनं दुखणं आहे. कोपर टेकलेला ठेवल्याने तेही टळलं. मनगट स्थिर झालं की पेशंटच्या स्वतःच्या पडद्यावर एक छोटा दिवा लागायचा. तो लागला तरच मूठ मोजली जायची. खाजवणारा हात कधी सेकंदभर स्थिर राहत नाही, त्यामुळे बहुतेक खोट्या हाका इथेच गळून पडल्या. नजरेने संगणक चालवण्यावर काम करणाऱ्या रॉबर्ट जेकब यांनी १९९० च्या सुमारास या अडचणीला, हात लावेल ते सोनं होणाऱ्या गोष्टीतल्या मिडास राजाचं नाव दिलं होतं: जिथे नजर पडेल तिथे हुकूम सुटतो. मी ते वाचलं होतं. परीक्षेत उत्तरही लिहिलं असतं. पण खाजवणारा हात म्हणजे तीच अडचण, हे मला खुर्चीशेजारी बसेपर्यंत कळलं नव्हतं.

खरी तातडीची हाक मात्र मी खुणेवर ठेवली नाही. ती साध्या बटणावर ठेवली, वायरीसकट, मोकळ्या हाताच्या बोटाखाली. यावरून माझ्या एका वरिष्ठांशी वाद झाला. बटण ठेवलं तर तुमच्या संशोधनाला अर्थ काय, असं त्यांचं म्हणणं. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: ज्याला बटण पुरतं त्याच्यावर कॅमेरा लादू नये. मधुमेहाने ज्यांची नजर अधू झाली आहे, ज्यांना मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, ज्यांच्या बोटांना बटणाचा स्पर्श कळत नाही, त्यांना मोठा पडदा आणि हाताची खूण खरंच उपयोगी पडते. हातमोजे घातलेल्या टेक्निशियनला पडद्याला हात न लावता पुढचं पान उघडता येणं, हाही खरा उपयोग. फिस्टुल्याच्या ऑपरेशननंतर तो पिकेपर्यंतच्या, म्हणजे शीर सुया घेण्याइतकी तयार होईपर्यंतच्या, आठवड्यांत चेंडू दाबण्याचा व्यायाम सांगतात. हा व्यायाम किती झाला ते घरी मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोजणं हा माझ्या मते अजून नीट न हाताळलेला विषय आहे. मला पुन्हा सुरुवात करता आली तर मी तोच घेईन. तिथे सुई नाही, घाई नाही, आणि एखादी मूठ चुकून जास्त मोजली गेली तरी कुणाचं काही जात नाही.

यंत्रांबद्दल थोडक्यात. एका कंपनीच्या एका कॅमेऱ्याशी स्वतःला बांधून घेऊ नका. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा डेप्थ कॅमेरा २०१० मध्ये आला, जगभरच्या प्रयोगशाळांनी त्यावर काम उभं केलं, आणि २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. शरीराचे २० सांधे देणाऱ्या पहिल्या आवृत्तीवर लिहिलेले प्रोग्राम २५ सांधे देणाऱ्या दुसऱ्या आवृत्तीवर जसेच्या तसे चालत नव्हते. आज साध्या कॅमेऱ्यातून हाताचे २१ बिंदू देणारं गूगलचं मीडियापाइप फुकट मिळतं. त्याने काम सोपं होतं, पण चादरीखालचा हात कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. कॅमेरा कुठे टांगायचा हे सिस्टरांना विचारून ठरवा. मी पहिल्यांदा जिथे लावला होता तिथून सलाइनचा स्टँड जायचा.

आता शॉर्टकट. इंटरनेटवरून तयार जेश्चरचा डेटा घेऊन त्यावर चार मॉडेल चालवायची, शेवटच्या परिच्छेदात 'हे किडनीच्या रुग्णांना उपयुक्त ठरेल' असं लिहायचं, याला मी संशोधन म्हणत नाही. पेशंट नसेल तर पेशंटचं नाव घेऊ नका. पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलांपासून लांब राहा. माझ्या बरोबरच्या एका मुलीचे तीन पेपर तसे छापले गेले आणि मुलाखतीत त्यातल्या एकाही पेपरबद्दल तिला धड बोलता आलं नाही. ती हुशार होती, तिला तसं करायला लावलं होतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंध देण्याआधी पेपर छापण्याची सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा नियम वेगळा असू शकतो, तो आधी लेखी घ्या. पण सक्ती आहे या भीतीने घाईत काहीही छापू नका. माणूस आणि संगणक यांच्या संवादावरच्या इंडिया एचसीआयसारख्या परिषदेत अर्धवट काम घेऊन गेलात तरी तिथली माणसं प्रश्न विचारतात, आणि ते प्रश्न कामाला येतात.

गाईडबद्दल. तुम्हाला दोन लागतील, एक संगणकाकडचा, एक नेफ्रोलॉजीकडचा म्हणजे किडनीविकारांचा, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं होणार नाही हे धरून चला. माझे दोन्ही गाईड चांगले होते. तरी पहिल्या दोन वर्षांत ते एका खोलीत एकदाही बसले नाहीत. एकाला वाटायचं वैद्यकीय बाजू दुसरा बघतो, दुसऱ्याला वाटायचं प्रयोगाची आखणी पहिला बघतो. मधे मी. शेवटी मी महिन्यातून एकदा दोघांना एकच पानभर पत्र पाठवायला लागले: या महिन्यात काय केलं, काय बिघडलं, कुणाकडून काय हवं. दोघांना तेच पत्र. त्यानंतर परिस्थिती सुधारली. नाव मोठं असलेला गाईड मिळवण्यासाठी धडपडू नका. जो स्वतः राउंड घेतो आणि तुमचा फोन त्याच दिवशी उचलतो असा डॉक्टर शोधा. आणि खरं शिकवणारे वेगळेच असतात. मला खुर्चीवरचा माणूस कळला तो एका डायलिसिस टेक्निशियनमुळे आणि त्या सिस्टरांमुळे. प्रबंधाच्या सुरुवातीला आभारांत त्यांची नावं माझ्या गाईडच्या नावांशेजारी, त्याच आकारात आहेत.

एथिक्स कमिटीला सात महिने लागले. इंजिनिअरिंग कॉलेजला स्वतःची कमिटी नव्हती, म्हणून हॉस्पिटलच्या कमिटीकडे जावं लागलं. माझा अर्ज दोनदा परत आला आणि दोन्ही वेळा कमिटीचं बरोबर होतं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं अर्ज भरण्याआधी वाचा, भरून झाल्यावर नको. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता: तुमच्या कॅमेऱ्यात शेजारच्या खुर्चीवरचा माणूस दिसतो, त्याची संमती कुठे आहे? मी त्याचा विचारच केला नव्हता. शेवटी मी चित्र साठवणं बंद केलं, फक्त हाताच्या बिंदूंचे आकडे ठेवले. संमतीपत्र मराठीत हवंच, पण कुठल्या मराठीत? मी लिहिलं होतं 'हस्तमुद्रा-आधारित संगणकीय परस्परसंवाद'. पहिल्याच आजोबांनी कागद परत दिला आणि 'पोरी, हे तूच वाच' म्हणाले. सिस्टरांनी एका वाक्यात सांगितलं: 'हाताने खूण केली की पडदा ऐकतो, ते बघायचंय यांना.' ते वाक्य मी जसंच्या तसं पत्रात घातलं आणि कमिटीने ते मंजूर केलं.

खुणा ठरवतानाही पेशंटांकडूनच शिकले. सिस्टरांना बोलावण्यासाठी मी बोट दुमडून 'इकडे या' अशी खूण ठेवली होती. बरेचजण ती करायला बिचकायचे. बोट हलवून बोलावणं म्हणजे हॉटेलातल्या पोऱ्याला बोलावल्यासारखं, सिस्टरना तसं कसं बोलवायचं, असं एक काका म्हणाले. ज्यांचा पहिला फिस्टुला बंद पडून आता उजव्या हातात आहे, त्यांना खूण डाव्या हाताने करावी लागायची, आणि काहीजण दरवेळी आधी 'डाव्या हाताने करतोय हां' असं म्हणायचे. हे कुठल्याही डेटासेटमध्ये सापडत नाही.

प्रश्नावल्यांवर विश्वास ठेवताना जपा. वापरायला किती सोपं वाटलं हे मोजणारी दहा वाक्यांची एसयूएस प्रश्नावली मीही घेतली. त्यात एक वाक्य सरळ, एक उलट अशी मांडणी आहे. 'ही प्रणाली मला विनाकारण गुंतागुंतीची वाटली' याला असहमत म्हणजे चांगलं. थकलेल्या माणसाचा यात गोंधळ होतो. आणि आपली माणसं समोरच्याचं मन मोडत नाहीत. बंगळुरूमध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये मांडलेल्या निकोला डेल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, एक यंत्र मुलाखत घेणाऱ्यानेच बनवलं आहे असं वाटलं तर लोक ते सुमारे अडीचपट अधिक पसंत करतात असं दिसलं होतं. मला सगळ्यांनी 'छान आहे ताई' सांगितलं. खरं काय ते दोन आठवड्यांनी कळलं, मी नसताना सहाजणांनी पडदा बंद ठेवायला सांगितला होता तेव्हा. तुम्ही बनवलेल्या यंत्राबद्दलची मतं दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला लावा. आणि तोंडी उत्तरापेक्षा माणूस ते आपणहून किती वेळा वापरतो ते मोजा.

मार्च २०२० मध्ये सगळं थांबलं. पेशंटांचं मात्र थांबलं नाही. एसटी बंद, गाड्या बंद, तरी त्यांना ठरलेल्या दिवशी मशीनवर यावंच लागत होतं. मला आत प्रवेश नव्हता आणि नसायलाच हवा होता. त्या महिन्यांत मी खूप खचले. स्कॉलरशिपची मुदत संपत होती, घरून विचारणा होत होती, बरोबरचे नोकरीला लागले होते. तुमच्यावर असे महिने येतील तेव्हा एवढं करा: जमलेला डेटा नव्याने पाहा. खोट्या हाकांचं ते प्रकरण मी त्या काळातच लिहिलं. एक वर्ष उशीर झाला म्हणून मला कुठेही कमी लेखलं गेलं नाही. नोकरीच्या मुलाखतीत तर त्याबद्दल कुणी विचारलंही नाही. विचारलं ते १४४ बद्दल.

शेवटची गोष्ट प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून ठेवायची आहे, म्हणून सांगते. किडनीच्या पेशंटबरोबर दोन-तीन वर्षांचा अभ्यास आखाल तेव्हा सुरुवातीला असलेले सगळेजण शेवटी असणार नाहीत. कुणाचं प्रत्यारोपण होतं, कुणी गावाजवळ सोय झाली म्हणून तिकडे जातं, कुणी जातं. मी अर्जात त्या रकान्यात 'गळती' असा शब्द लिहिला होता. प्रबंध मंजूर झाल्यावर निष्कर्षांचं एक पान साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात छापून मी विभागात घेऊन गेले. नऊजणांची अख्खी सत्रं मी रेकॉर्ड केली होती, पानं नऊ नेली होती. पाच हातात दिली. एक पुण्याला प्रत्यारोपण झालेल्या ताईंना पोस्टाने पाठवलं. चार नंबरच्या खुर्चीवर नवीन माणूस होता. सिस्टरांनी उरलेली तीन पानं माझ्याकडून घेतली, त्यांच्या रजिस्टरमधून तीन पत्ते काढले, आणि म्हणाल्या, 'घरच्यांना पाठव. ते विचारत होते, बाबांनी तुला काय मदत केली म्हणून.'